मागून येणाऱ्या घराचा तोल

1885 साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याने, रॉयल नेव्हीतून निवृत्त झालेल्या डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या शल्यवैद्यासाठी ‘वाँडरर’ या नावाचे चाकांवरचे एक घर बांधून दिले, आणि त्याला दोन घोडे जुंपून, बरोबर एक सारथी व एक सेवक घेऊन, हे गृहस्थ इंग्लंडच्या दक्षिण भागातून निघाले ते मजल दरमजल करीत थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत जाऊन पोहोचले. केवळ देश पाहावा या हौसेने केलेला हा प्रवास ब्रिटनमधील कॅराव्हॅन-पर्यटनाचा आरंभ मानला जातो. घराचे वजन सुमारे दोन टन. अरुंद वळणांवर समोरून येणाऱ्यांना आगाऊ सूचना मिळावी म्हणून सेवक तीनचाकी सायकलवर बसून पुढे जात असे, आणि मोठा चढ लागला की घोड्यांना विसावा देण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे 1907 मध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली, आणि पहिले महायुद्ध संपल्यावर 1919 पासून बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीच्या जमान्याला साजेशी फिरती घरे बांधून विकण्यास प्रारंभ केला. घोडा सुटला आणि त्याच्या जागी इंजिन आले.

या स्थित्यंतरात प्रवासाची सोय अतोनात वाढली, परंतु एक मोठा पहारेकरी मात्र नाहीसा झाला. ओझे बेताबाहेर गेले तर घोडा पाय रोवून उभा राहतो, भार वेडावाकडा लादला असेल तर त्याच्या खांद्यावर घाव उमटतात आणि सारथ्याला ते डोळ्यांनी दिसतात. इंजिन मात्र यांतील काहीच बोलून दाखवत नाही. आजच्या साधारण कौटुंबिक मोटारीत एवढी शक्ती असते की सव्वा टनाचे घर ती सपाट रस्त्यावर विनासायास ओढू लागते, आणि पहिल्या पाचदहा मैलांतच चालकाची अशी समजूत होते की मागे काही नाहीच. ही समजूत धोक्याची आहे. ओढण्याचे सामर्थ्य आणि ओढलेल्या वस्तूला ताब्यात ठेवण्याचे सामर्थ्य या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी असून, दुसरीचा निकाल बहुतांशी रस्त्यावर लागत नाही. तो घराच्या अंगणात, सामान भरण्याच्या वेळीच लागून गेलेला असतो. या प्रकरणात मुख्यत्वे त्याच वेळेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वजनांचा हिशेब. प्रत्येक मोटारीवर, बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली, कारखान्याने लावलेली एक पट्टी असते व तिच्यावर किलोग्रॅममध्ये काही आकडे नमूद केलेले असतात. पहिला मोठा आकडा भरलेल्या मोटारीच्या कमाल वजनाचा, आणि त्याखालचा त्याहूनही मोठा आकडा मोटार व तिच्यामागील वाहन या दोहोंच्या एकत्रित कमाल वजनाचा. समजा, पहिला आकडा 1900 आणि दुसरा 3300 आहे; तर या दोहोंतील अंतर, म्हणजे 1400 किलो, हे त्या मोटारीने ओढण्याचे ओझे होय. हा आकडा ठरविताना कारखानदार शेकडा 12 च्या चढावर थांबलेली जोडी पुन्हा हलविता येते की नाही हे पाहतात. अर्थात तो इंजिनाच्या, क्लचच्या आणि सांगाड्याच्या ताकदीचा दाखला आहे. ताशी 60 मैलांच्या वेगात वाऱ्याचा झोत आला असता ती जोडी सरळ राहील किंवा नाही, याविषयी त्यात अवाक्षरही नाही.

म्हणून ब्रिटनमध्ये अनुभवी लोकांनी व कॅराव्हॅन संस्थांनी एक अधिक कडक दंडक शिफारशीच्या रूपाने घालून दिला आहे. भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या शेकडा 85 पेक्षा अधिक असू नये, निदान नवशिक्याने तरी ही हद्द ओलांडू नये. हा कायदा नव्हे. परंतु माझ्या मते कायद्यापेक्षाही याचा मान अधिक ठेवावा, कारण मागचे वाहन चळले तर पुढच्याला फरफटत नेण्याइतका त्याचा जोर होऊ नये एवढाच यातला हेतू आहे आणि तो शुद्ध तर्काचा आहे. 1500 किलोच्या मोटारीला या हिशेबाने 1275 किलोपर्यंतची कॅराव्हॅन शोभते. यात लोकांची फसगत होते ती अशी की, विक्रीच्या पत्रकात छापलेले रिकाम्या घराचे वजन तेवढे ते ध्यानात ठेवतात. 1100 किलोच्या रिकाम्या घरात गॅसच्या टाक्या, बॅटरी, दाराबाहेर उभारायचा कापडी मांडव व त्याचे खांब, खुर्च्या, भांडीकुंडी, अंथरुणे, मुलांच्या सायकली आणि 40 लिटर पाणी, म्हणजे आणखी 40 किलो, एवढे सगळे चढल्यावर दीडशे किलो केव्हाच उलटून जातात. डबे आणि तांदळाच्या पिशव्या यांचे वजन कोणी मनात धरीत नाही. काटा मात्र ते धरतो.

वजन किती, या प्रश्नाहून वजन कोठे, हा प्रश्न अधिक गहन आहे. कॅराव्हॅनची चाके बहुधा तिच्या मध्याच्या आसपास एका आसावर असतात, आणि पुढे निघालेला तिचा दांडा मोटारीच्या मागे बसविलेल्या 50 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्यावर टेकलेला असतो. आपल्याकडे कडब्याने भरलेली बैलगाडी ज्याने जवळून पाहिली आहे त्याला ही रचना निराळी समजावून सांगावी लागणार नाही. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठू पाहते आणि गळ्याखालून बांधलेले पट्टे त्यांना आवळू लागतात. भार फार पुढे आला तर त्याच माना दबून जातात. आणि जाणता गाडीवान गाडी भरत असतानाच जू हाताने उचलून पाहून पेंढ्या पुढेमागे सरकवितो. कॅराव्हॅनच्या बाबतीत हाताच्या अंदाजाऐवजी मोजमाप आहे. गोळ्यावर पडणारा भार हा भरलेल्या घराच्या वजनाच्या शेकडा 5 ते 7 इतका असावा, म्हणजे 1250 किलोच्या घराचा साडेबासष्ट ते साडेसत्त्याऐंशी किलो. मात्र मोटारीने, तिला जोडलेल्या लोखंडी पट्टीने आणि कॅराव्हॅनच्या पकडीने प्रत्येकी आपापली मर्यादा सांगितलेली असते, व तिन्हींत जी सर्वांत लहान असेल तिचाच अंमल चालतो. मोटारीची मर्यादा 75 किलो असेल तर या घराचा भार 75 च्या आत, पण शक्य तितका त्याच्या जवळ ठेवावा. तो मोजण्याचे लहानसे उपकरण दुकानात मिळते. ते नसेल तर दांड्याच्या टोकाखाली योग्य उंचीची एक मजबूत काठी उभी करून तिच्याखाली घरातला वजनकाटा ठेवला तरी काम भागते.

तथापि हा पुढचा भार बरोबर आला म्हणजे सर्व झाले, असे मानणाराही चुकतो. कारण तो आकडा दोन अत्यंत विषम मार्गांनी बरोबर आणता येतो. जड वस्तू आसाच्या वर, जमिनीलगत ठेवूनही तो साधतो. आणि एक जड वस्तू अगदी पुढे व दुसरी तशीच जड अगदी मागे ठेवूनही साधतो. तराजूच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखे, परंतु गतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आसाभोवती घुमू लागलेल्या वस्तूचे जडत्व अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 20 किलोची पेटी आसापासून अर्ध्या मीटरवर असेल तर तिचा वाटा 5 या अंकाने मोजला जाईल. तीच पेटी 3 मीटरवर, घराच्या मागच्या भिंतीशी नेली की तो अंक 180 होतो. वस्तू तीच, वजन तेच, आणि परिणाम छत्तीसपट! म्हणून मागच्या भिंतीवर सायकली टांगणे व मागच्या न्हाणीघरात मांडवाचे ओझे रचणे, हे दोन्ही प्रकार सोयीचे वाटले तरी वर्ज्य समजावेत. बाथ विद्यापीठातील अभियंत्यांनी भार पुढेमागे हलविता येईल असा खास प्रायोगिक ट्रेलर मोटारीमागे जोडून केलेल्या चाचण्या 2009 मध्ये प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतही वेगातील स्थैर्यावर सर्वाधिक प्रभाव या घुमण्याच्या जडत्वाचा, गोळ्यावरील भाराचा आणि आसाच्या जागेचा असल्याचे दिसून आले.

आता जोडणी. मोटार मागे घेऊन गोळा दांड्याच्या टोकाखाली आणावयाचा, पुढचे लहान आधारचाक फिरवून दांडा सावकाश खाली उतरवावयाचा, आणि पोलादी पकड गोळ्यावर बसून खट् असा आवाज होईपर्यंत थांबावयाचे. पुष्कळ पकडींवर हिरव्या रंगाची खूण दिसू लागते. परंतु केवळ आवाजावर किंवा रंगावर विसंबून न राहता एक पडताळा घ्यावा. आधारचाक उलट फिरवून दांडा पुन्हा वर उचलू लागावे. पकड खरोखर बसली असेल तर दांड्याबरोबर मोटारीची मागची बाजूही दोनचार बोटे वर उचलली जाते, आणि बसली नसेल तर दांडा एकटाच गोळ्यावरून सुटून वर येतो. अर्ध्या मिनिटाचे हे काम आहे आणि ते कधीही गाळू नये. त्यानंतर आधारचाक पूर्ण वर घेऊन घट्ट आवळावे, चारी कोपऱ्यांचे पाय वर उचलल्याची खात्री करावी, तेरा पिनांचा विजेचा प्लग लावून कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकचे व वळणाचे दिवे पाहावेत, आणि मग त्या बारीक पोलादी तारेकडे वळावे जिचे महत्त्व तिच्या आकारावरून मुळीच कळून येत नाही. ही तार कॅराव्हॅनच्या हातब्रेकला बांधलेली असून तिचे दुसरे टोक मोटारीला अडकवायचे असते. दुर्दैवाने पकड सुटली तर ही तार ताणली जाऊन हातब्रेक ओढते व नंतर स्वतः तुटते, जेणेकरून सुटलेले घर ब्रेक लागलेल्या स्थितीत जागीच थांबावे. ती जमिनीवर घासू नये आणि वळणावर ताणलीही जाऊ नये, एवढी सैल ठेवावी.

ब्रेकांची रचना तर कौतुकास्पद आहे. मोटारीच्या पायब्रेकाचा आणि कॅराव्हॅनच्या ब्रेकांचा सामान्यतः काहीच संबंध नसतो. मोटार मंदावली की मागचे घर आपल्याच वेगाने पुढे रेटू लागते, तो रेटा दांड्याच्या टोकाशी असलेला दट्ट्या आत ढकलतो, दट्ट्या एका तरफेमार्फत तारा ओढतो आणि तारा चाकांतील ब्रेक आवळतात. घराने जेवढा धक्का द्यावा तेवढेच त्याने स्वतःला आवरावे, अशी ही न्यायाची योजना आहे. परंतु या योजनेत रेटा आधी व ब्रेक मागाहून, हा क्रम अटळ असल्यामुळे जोडी थांबण्यास एकट्या मोटारीपेक्षा अधिक अंतर लागते, आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुपटीने दूर राहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला तर दोन्ही वाहनांचे ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच खालच्या गिअरमध्ये यावे आणि इंजिनाला गती आवरू द्यावी.

या विषयातील सर्वांत भयप्रद प्रसंग म्हणजे कॅराव्हॅनचे डुलणे. तो बहुधा असा ओढवतो. मोटारमार्गावर सौम्य उतार असतो, वेग नकळत वाढलेला असतो, आणि उजवीकडून एखादा मोठा मालट्रक पुढे जाऊ लागतो. ट्रकच्या तोंडापुढे दाबली गेलेली हवा प्रथम कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर आदळून तो बाहेरच्या बाजूस लोटते, आणि क्षणार्धात ट्रकचे धूड बाजूस आल्यावर तीच हवा उलट आत ओढू लागते. घराची शेपूट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जाते. वेग बेताचा असेल तर टायरांच्या घर्षणाने ही आंदोलने दोनतीन हेलकाव्यांत विरून जातात. परंतु प्रत्येक जोडीचा एक विशिष्ट वेग असा असतो की ज्याच्या पलीकडे प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षा मोठा होत जातो, आणि मग शेपूट डोक्याला हलवू लागते. मागे जड, पुढे हलकी अशा रीतीने भरलेल्या घरात हा वेग फार खाली येऊन बसतो.

अशा वेळी मनुष्याची उपजत बुद्धी दोन सल्ले देते आणि दोन्ही घातक आहेत. एक, जोराने ब्रेक दाबावा. दुसरा, प्रत्येक हेलकाव्याला उलट स्टिअरिंग फिरवून उत्तर द्यावे. पहिल्याने मागचे घर तिरकस अवस्थेतच पुढे रेटते, आणि दुसऱ्यात चालकाचा हात नेहमी अर्ध्या क्षणाने उशिरा पडत असल्यामुळे आंदोलनाला आळा बसण्याऐवजी खतपाणीच मिळते. ब्रिटनची रस्त्यावरील वर्तनाची अधिकृत संहिता, जी 1931 पासून निघत आली आहे, या प्रसंगी इतकेच सांगते की अॅक्सिलरेटरवरील पाय हलकेच उचलावा आणि वेग सावकाश कमी होऊ द्यावा. आणि त्याच नियमात ती जड वस्तू आसावर ठेवण्याचा व गोळ्यावर खालच्या दिशेने भार राहील हे पाहण्याचाही उपदेश करते. हात स्टिअरिंगवर घट्ट पण स्थिर, चाके सरळ, एवढे धैर्य त्या काही सेकंदांत पुरते. गोळा दोन्ही अंगांनी आवळून घर्षणाने डोलणे कमी करणारी पकड, तसेच डोलणे ओळखून कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप किंचित लावणारी विजेवरची यंत्रणा, या दोन्ही चांगल्या सोयी आहेत व शक्य तर त्या घ्याव्यात. मात्र त्यांच्या भरवशावर चुकीचा भरलेला बोजा रस्त्यावर आणणे हा त्यांचा गैरवापर होय.

वारा आणि चढ यांचीही मसलत आगाऊ करावी. 1966 मध्ये खुला झालेला सेव्हर्न नदीवरचा झुलता पूल वादळी वाऱ्यात वाहतुकीला बंद केला जातो. 1996 मध्ये शेजारी झालेल्या दुसऱ्या पुलावर मुद्दाम वारा अडविणारे उंच कठडे बसविलेले आहेत, आणि वेल्सकडे घर ओढत जाणाऱ्याने हा फरक ध्यानात घेऊन वाट निवडावी. उत्तर यॉर्कशरमधील सटन बँकेचा चढ काही ठिकाणी चारास एक इतका तीव्र असल्याने तेथे कॅराव्हॅनला सक्त मनाईच आहे. नकाशावरचा जवळचा रस्ता आपल्या जोडीला नेहमीच जवळचा असतो असे नाही.

बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतात. मोटारमार्गावर व दुभाजक असलेल्या रस्त्यावर ताशी 60 मैल आणि साध्या दुपदरी रस्त्यावर 50 मैल ही ब्रिटनमधील कमाल मर्यादा असून, तीन वा अधिक पट्ट्यांच्या मोटारमार्गावर अगदी उजव्या पट्टीत जाण्याची मुभा नाही. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीमागे 2.55 मीटरहून रुंद आणि, दांडा सोडून, 7 मीटरहून लांब कॅराव्हॅन नेता येत नाही. ती मोटारीपेक्षा रुंद असेल तर दोन्ही बाजूंना लांब दांड्यांचे आरसे लावणे भाग आहे. परवान्याची पूर्वीची गुंतागुंत 16 डिसेंबर 2021 पासून संपली असून, 1997 पासून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सामान्य मोटारचालकासही आता वेगळी परीक्षा न देता साडेतीन टनांपर्यंत ओढता येते; परंतु परीक्षा रद्द झाल्याने कौशल्याची गरज रद्द झालेली नाही. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसू नये, झोपलेले मूलसुद्धा नाही. गॅसची टाकी प्रवासात बंदच असावी.

टायरांविषयी मात्र दोन शब्द अधिक लिहिणे प्राप्त आहे. मोटारीचे टायर धावून झिजतात, आणि कॅराव्हॅनचे टायर उभे राहून मरतात. वर्षातील दहा महिने एकाच जागी ऊनपावसात उभ्या असलेल्या घराच्या टायरावरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण आतून रबर कडक होऊन चिरा पडू लागलेल्या असतात. टायराच्या बाजूवर चार अंक असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. पाच वर्षांनंतर तो बदलावा आणि सात वर्षांपलीकडे कदापि वापरू नये, असा जाणकारांचा कटाक्ष आहे. चाक काढून बसविले असेल तर नट टॉर्कच्या पान्याने आवळावेत व तीसेक मैल गेल्यावर पुन्हा तपासावेत.

मागे घेणे ही शेवटची विद्या. मोटार डावीकडे वळविली की घर उजवीकडे जाते, आणि नवशिक्याची मती येथे गुंग होते. यावर एक सोपा तोडगा आहे. हात स्टिअरिंगच्या वरच्या अंगाला न ठेवता अगदी खालच्या अंगाला धरावा. मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला घराचे मागचे टोक जाईल. वळविणे अगदी थोडे, वेग माणसाच्या पावलाहून कमी, आणि कोन वाढत चालला असे दिसताच थांबून पुढे जाऊन पुन्हा सरळ व्हावे. बाहेर उभे राहून मार्ग दाखविणारे माणूस चालकाच्या आरशात दिसेल अशाच जागी असावे.

महाराष्ट्रातून जाऊन इंग्लंडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली कुटुंबे आता सुट्टीसाठी कॅराव्हॅन भाड्याने अथवा जुनी विकत घेऊ लागली असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात, सर्व सामान भरून, पाणी भरून, आपली जोडी जवळच्या सार्वजनिक भुईकाट्यावर न्यावी, मोटार व घर यांचे वजन वेगवेगळे करून ते कागदावर लिहून घ्यावे आणि पट्टीवरच्या आकड्यांशी ताडून पाहावे. आणि कॅराव्हॅन क्लबसारख्या संस्था ओढण्याचे जे प्रशिक्षणवर्ग चालवितात त्यांपैकी एकाला पतिपत्नी दोघांनीही जावे, कारण लांबच्या मजलीत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ केव्हाही येऊ शकते.